विश्वास आणि हिशेब

१८६६ हे वर्ष भारतीय मुसलमानांच्या धार्मिक नेतृत्वाच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी उत्तर भारतातल्या देवबंद या कसब्यात, छत्ता मशिदीच्या आवारात एक मदरसा सुरू झाला. मौलाना कासिम नानोतवी यांनी त्याच्यासाठी आठ तत्त्वे घालून दिली. सरकारच्या आणि धनवंतांच्या आश्रयापासून दूर राहावे, सामान्य माणसांच्या चंद्यावर संस्था चालवावी, निर्णय सल्लामसलतीने घ्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. पुढे मदरशाच्या वार्षिक अहवालात लहानमोठ्या देणगीदारांची नोंद छापली जाऊ लागली. त्याच वर्षी मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांच्यापुढे खोजा जमातीचा खटला चालला. जमातीच्या मालमत्तेचा हिशेब व्हावा, मुखी आणि कामडिया हे पदाधिकारी जमातीने निवडावेत, अशी सुधारक गटाची मागणी होती. निकाल धर्मप्रमुख आगाखानांच्या बाजूने लागला आणि मागणी फेटाळली गेली.

एका ठिकाणी चंदा देणाऱ्यापुढे आपण होऊन हिशेब ठेवला गेला, तर दुसऱ्या ठिकाणी हिशेब मागण्यासाठी जमातीतल्या माणसांना कोर्टाची पायरी चढावी लागली. आपल्या देशातल्या मुस्लीम समाजात धर्माचे मार्गदर्शन कोण करते, कोणत्या अधिकाराने करते आणि चुकले तर त्याला जाब कोण विचारते, या प्रश्नांची गेल्या दीडशे वर्षांतली कहाणी या दोन टोकांमध्ये घडत आली आहे. प्रस्तुत संग्रह त्या कहाणीचा मराठीत मांडलेला शोध आहे. वाचक त्यात शिरण्यापूर्वी हा प्रदेश कसा आहे, त्यातल्या वाटा कुठून आल्या आणि कुठे जाऊन अडल्या, हे सांगणे माझे काम.

आधी एक गैरसमज दूर करू. 'मौलवी' हा शब्द बाहेरचा माणूस सरसकट वापरतो. प्रत्यक्षात ही कामे निरनिराळी आहेत. मुफ्ती विचारलेल्या प्रश्नावर धर्मशास्त्राच्या आधारे मत देतो. ते मत म्हणजे फतवा. काझी दोन पक्षांचे ऐकून निवाडा करतो. पेशइमाम नमाज पढवतो आणि जुम्म्याच्या दिवशी बहुधा खुत्बा, म्हणजे प्रवचनही तोच देतो. मुतवल्ली वक्फ, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमच्या दिलेल्या, मालमत्तेचा कारभार पाहतो. पीर मुरीदांच्या, म्हणजे शिष्यांच्या, अंतरंगाची जबाबदारी घेतो. यांच्यावर नेमणुका करणारे एकच धर्मपीठ सुन्नी परंपरेत नाही. शिया आणि त्यांतल्या इस्माइली पंथांत श्रेणी अधिक ठळक आहे, पण तिथेही शाखा अनेक. मुफ्तीचा अधिकार मुख्यतः लोक त्याच्यावर टाकत असलेल्या विश्वासातून येतो. हे या व्यवस्थेचे बळ आहे, कारण कोणालाही अखेरचा शब्द उच्चारता येत नाही. तीच तिची दुबळी बाजूही आहे, कारण विश्वासघात झालाच तर तक्रार कुठे करायची, हे ठरलेले नसते.

राजवट मुसलमानांची होती तेव्हा काझी सरकारी होता आणि वक्फचा मुतवल्ली बेइमान निघाला तर त्याला दूर करण्याचा अधिकार काझीकडे असे. इंग्रजांनी काही काळ न्यायालयांत मुस्लीम कायदा सांगणारे अधिकारी ठेवले. १८६४च्या कायद्याने ती पदे रद्द झाली. १८८०च्या काझी कायद्याने काझी नेमता येऊ लागले, पण निवाड्याचा अधिकार त्यांना मिळाला नाही. तेव्हापासून आजवर धार्मिक मार्गदर्शनाला सत्तेचा आधार नाही आणि सत्तेचा अंकुशही नाही. ती पोकळी मदरशांनी आणि त्यांच्या दारुल इफ्तांनी, म्हणजे फतवा-विभागांनी, भरली. पोस्टाने प्रश्न येत आणि पोस्टाने फतवे जात. आज ते मोबाइलवर येतात आणि जातात.

या पोकळीतून अनेक विचारधारा उभ्या राहिल्या. देवबंदने हनफी या सुन्नी धर्मशास्त्रपरंपरेची शिस्त आणि आचारशुद्धी यांवर भर दिला. बरेलीच्या अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांनी दर्गा, उर्स आणि पैगंबरप्रेमाच्या परंपरेची शास्त्रीय बाजू मांडली; त्यांच्या फतव्यांचे अनेक खंड आहेत. अहले हदीस मंडळींनी चार इमामांच्या मताला बांधून घेण्यापेक्षा थेट कुराण-हदीसकडे जाण्याचा मार्ग धरला. जुन्या आणि नव्या विद्येचा मेळ घालण्याच्या इच्छेतून १८९४ मध्ये नदवतुल उलेमा ही संस्था स्थापन झाली. अलीगढने इंग्रजी शिक्षणाची वाट घेतली. १९१९ मध्ये जमियत उलेमा-ए-हिंद आली. १९२१ मध्ये बिहारमध्ये इमारत-ए-शरिया स्थापन झाली आणि तिने आपसांतले तंटे मिटवण्यासाठी दारुल कझाचे जाळे उभारले. केरळात प्रत्येक वस्तीची महल्लू समिती मशीद, मदरसा आणि निकाहाची नोंद सांभाळते. आपल्या कोकणात शाफई परंपरा आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी माहीमचे मखदूम अली माहिमी यांच्यासारखा कुराणभाष्यकार याच किनाऱ्यावर होऊन गेला. गावची जमात, तिचे मुंबईतले मंडळ आणि आखातात कमावणाऱ्यांचा पैसा यांवर कोकणातल्या मशिदी उभ्या आहेत.

इतकी विविधता असताना 'मुसलमानांचा धर्मगुरू काय म्हणतो' असा प्रश्न विचारणेच चूक ठरते. एका बैठकीत तीनदा उच्चारलेला तलाक हनफी मुफ्तींच्या मते तीन, अहले हदीसच्या मते एक. विचारणारी बाई एकच, तिचे दुःखही तेच. दार कोणते ठोठावले यावर तिचे आयुष्य ठरते. म्हणूनच मार्गदर्शकाच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न शास्त्राच्या पुस्तकापुरता राहत नाही. तो घरात येतो.

इस्लामी विद्येला हे भान होते. मुफ्तीने कसे वागावे यावर स्वतंत्र ग्रंथपरंपरा आहे. तेराव्या शतकातले इब्न अस-सलाह यांनी मुफ्ती आणि प्रश्न विचारणारा या दोघांच्याही मर्यादा आणि हक्क लिहून ठेवले. एकोणिसाव्या शतकातले दमास्कसचे इब्न आबिदीन यांनी मत देण्याच्या पद्धतीवर केलेले विवेचन आजही भारतीय मदरशांत मुफ्ती होऊ पाहणाऱ्यांना शिकवतात. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावे, आपल्या काळाच्या रूढी जाणून घ्याव्यात, चूक लक्षात आली तर मत मागे घ्यावे, अशी ही शिस्त आहे. पहिले खलिफा अबू बक्र यांनी सूत्रे हाती घेताना, आपण चुकलो तर आपल्याला सरळ करा, असे लोकांना सांगितल्याचे परंपरा सांगते. जाब विचारणे ही बाहेरून आणलेली कल्पना आहे असे म्हणणाऱ्यांनी आपलाच वारसा नीट वाचलेला नाही.

परंपरा स्वतःहून कशी हलू शकते, याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. हनफी शास्त्रात पत्नीला विवाहविच्छेद मिळवणे जवळपास अशक्य होते. नवरा बेपत्ता झालेल्या, छळणाऱ्या, पोटाला न घालणाऱ्या स्त्रियांपैकी काहींनी पंजाबात सुटकेसाठी धर्मच सोडल्याचे दाखवले. १९३०च्या दशकाच्या आरंभी देवबंदी परंपरेतले मोठे विद्वान मौलाना अशरफ अली थानवी यांनी मदिनेच्या मालिकी मुफ्तींशी पत्रव्यवहार करून मालिकी शास्त्रातल्या तरतुदी हनफी स्त्रियांना लागू करणारा ग्रंथ सिद्ध केला. त्या विचाराला जमियतचे पाठबळ मिळाले आणि १९३९चा मुस्लीम विवाहविच्छेद कायदा आला. विवाह सोडवण्याचा अधिकार मुस्लीम न्यायाधीशालाच असावा, ही उलेमांची, म्हणजे धर्मविद्वानांची, अट मात्र कायद्यात राहिली नाही. तरीही धर्मशास्त्र जाणणाऱ्यांनी स्त्रियांच्या हालांपुढे स्वतःला उत्तरदायी मानले, हे घडले. मग १९३९ नंतर असे पुन्हा का घडले नाही, हा प्रश्न या संग्रहाच्या मुळाशी आहे.

उत्तराचा एक भाग मुंबईच्या न्यायालयीन इतिहासात आहे. खोजा खटल्यानंतर अर्ध्या शतकाने दाऊदी बोहरा समाजातल्या सुधारकांनी एका मजारीवरच्या गल्ल्याच्या पैशाबद्दल दाद मागितली. १९२१ मध्ये न्यायमूर्ती मार्टेन यांनी निर्णय दिला, की तो पैसा धर्मप्रमुखाची खासगी मालमत्ता नाही आणि त्याच्याकडे विश्वस्त म्हणूनच पाहावे लागेल. हिशेबाचे तत्त्व मान्य झाले, पण विचारणाऱ्याला जमातीतून काढून टाकण्याचे शस्त्र धर्मप्रमुखाकडे राहिले. १९४९ मध्ये मुंबई सरकारने बहिष्कारबंदीचा कायदा केला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या आधारे तो रद्द केला. १९७९च्या नाथवानी आयोगाच्या अहवालाने बहिष्काराच्या यातना नोंदवल्या. बोहरा सुधारक असगर अली इंजिनिअर यांनी आयुष्यभर या प्रश्नाचा पाठपुरावा केला. २०१६ मध्ये महाराष्ट्राने सर्व समाजांना लागू होणारा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९६२च्या निकालाचा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. निवारा, लग्नसंबंध आणि कब्रस्तानातली जागा एका माणसाच्या मर्जीवर असतील, तर प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य कागदावरच राहते.

दुसरा भाग महाराष्ट्राच्या सुधारणाचळवळीत आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी सुधारक हमीद दलवाई सात मुस्लीम स्त्रियांना घेऊन, तोंडी तलाकाच्या विरोधात, मुंबईत विधिमंडळावर गेले. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. मंडळाने नावातच महात्मा फुल्यांशी नाते सांगितले आणि धर्मगुरूंच्या मध्यस्थीलाच आव्हान दिले. त्याच काळात, डिसेंबर १९७२ मध्ये मुंबईत निरनिराळ्या पंथांचे उलेमा एकत्र आले आणि १९७३ मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आकाराला आले. ज्या मसलकांचे, म्हणजे पंथमतांचे, एकमेकांशी पटत नसे ते एका व्यासपीठावर आले. पण त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट होती बाहेरच्या हस्तक्षेपाची भीती. समाजाने निवडून न दिलेले हे बोर्ड समाजाचा आवाज म्हणून बोलू लागले.

१९८५ मध्ये शाहबानो या घटस्फोटितेला पोटगी मंजूर करणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याच वर्षी सय्यदभाई, हुसेन जमादार आणि सहकाऱ्यांचा तलाक मुक्ती मोर्चा कोल्हापूरहून नागपूरकडे निघाला. त्याला ठिकठिकाणी कडवा विरोध झाला आणि १९८६ मध्ये संसदेने निकालावर पाणी फिरवणारा कायदा केला. एका बैठकीतला तिहेरी तलाक धर्मदृष्ट्या निषिद्ध आहे, हे बोर्डातले बहुतेक विद्वान मान्य करीत. तो थांबवण्यासाठी आदर्श निकाहनामा, उपदेश, सामाजिक बहिष्काराचा इशारा असे उपाय सुचवले गेले, पण त्यांची अंमलबजावणी कोणी कोणाकडून करून घ्यायची हे ठरले नाही. अखेर २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा बहुमताने रद्द ठरवली आणि २०१९ मध्ये असा तलाक उच्चारणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा आला. नवरा तुरुंगात गेल्यावर बाईच्या पोटापाण्याचे काय, हा प्रश्न त्या कायद्यानेही सोडवला नाही. आतले दार बंद राहिले तेव्हा बाहेरच्या सत्तेने भिंत फोडली, आणि दोन्ही वेळा मलबा त्याच स्त्रीच्या अंगावर पडला.

इथे अल्पसंख्याकपणाचा पेच समजून घ्यायला हवा. २०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे १७ कोटी, म्हणजे १४.२ टक्के लोक मुसलमान आहेत; महाराष्ट्रात साडेअकरा टक्के. दंगली, घर नाकारले जाण्याचा अनुभव, रोजचा संशय हे सारे खरे आहे. अशा समाजात नेतृत्वावर टीका करणाऱ्याला 'आपलेच दात आपलेच ओठ' हे बजावले जाते. तुझे बोलणे उद्या कोण वापरील, असे विचारले जाते. ही भीती पोकळ नाही. दलवाईंपासून आजच्या महिला संघटनांपर्यंत प्रत्येकाचे शब्द द्वेषाच्या राजकारणाने उचलले आहेत. पण या भीतीची किंमत कोण मोजते, ते पाहावे. ती मुतवल्ली मोजत नाही, मंचावरचा वक्ता मोजत नाही. घटस्फोटित स्त्री, वसतिगृही मदरशात छळ सोसणारे मूल, तुटपुंज्या पगारावर राबणारा पेशइमाम मोजतो. एकजुटीसाठी गप्प बसायला सांगितले जाते ते नेहमी समाजातल्या सर्वांत दुबळ्या माणसालाच.

पेशइमामाचे उदाहरण सहसा चर्चेत येत नाही, म्हणून थोडे थांबून सांगतो. त्याची नेमणूक आणि पगार विश्वस्तांच्या हातात असतो. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वक्फ मंडळांना इमामांच्या वेतनाची व्यवस्था लावायला सांगितले, तरी गावोगावचे असंख्य इमाम आजही स्थानिक चंद्यावरच जगतात. ज्याची खोली आणि पगार विश्वस्तांच्या मर्जीवर आहे, तो जुम्म्याच्या खुत्ब्यात हुंड्यावर, वारसाहक्कात बहिणींना डावलण्यावर किंवा विश्वस्तांच्याच कारभारावर कसा बोलेल? उत्तरदायित्व म्हणजे मौलवींना धारेवर धरणे, असा सोपा अर्थ घेऊ नये. मार्गदर्शकाला खरे बोलता येण्याइतके सुरक्षित करणे हाही उत्तरदायित्वाचाच भाग आहे.

वक्फचा विषय तर उघड हिशेबाचा. १९२३च्या कायद्याने मुतवल्लींना न्यायालयात हिशेब सादर करणे बंधनकारक केले, तेव्हापासून कायदे येत गेले. महाराष्ट्रात मराठवाड्यासाठी वक्फ मंडळ आणि उरलेल्या भागात धर्मादाय आयुक्त, अशी दुहेरी व्यवस्था होती. १९९५च्या कायद्यानंतर ती वक्फ मंडळाकडे वळली. २००६च्या सच्चर समितीने देशात ४.९ लाख वक्फ मालमत्ता आणि सुमारे ६ लाख एकर जमीन नोंदवली. वार्षिक उत्पन्न अवघे १६३ कोटी रुपये. नीट कारभार झाला तर ते १२,००० कोटींपर्यंत जाऊ शकेल, असा तिचा अंदाज होता. या दोन आकड्यांमधल्या दरीत शाळा, वसतिगृहे, दवाखाने आणि विधवांची पेन्शन गाडली गेली आहे. अतिक्रमणे सरकारी खात्यांनीही केली, बिल्डरांनी केली आणि कवडीमोल भाड्याचे करार करणाऱ्या आपल्याच माणसांनीही केली. २०२५ मध्ये केंद्राने वक्फ कायद्यात मोठे बदल केले. त्यांतल्या काही तरतुदींना सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्थगिती दिली. या कायद्याच्या हेतूंविषयी समाजात खोल शंका आहे आणि तिला कारणे आहेत. पण आपण आपला हिशेब वेळेवर आणि उघडपणे मांडला असता, तर आपली बाजू किती भक्कम असती, हा विचार त्या शंकेने पुसला जाऊ नये.

फतव्याबाबत असाच धडा आहे. २००५ मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका अत्याचारित स्त्रीच्या बाबतीत, तिने विचारले नसताना, एका पत्रकाराच्या प्रश्नावर फतवा निघाला आणि तिचा संसारच पणाला लागला. ७ जुलै २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की फतव्याला कायद्याचे बळ नाही आणि त्रयस्थाच्या विचारण्यावरून कोणाच्या व्यक्तिगत हक्कांविषयी फतवा देऊ नये. मुफ्तीने कोणाला, कोणत्या माहितीवर मत द्यावे याला मर्यादा असावी, हे इब्न अस-सलाह यांच्या परंपरेतही बसते. आता यूट्यूबवरच्या वक्त्याला प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, घर माहीत नसते आणि परिणाम भोगणाऱ्याची गाठ कधी पडत नाही. गावच्या जमातीत निदान दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेट व्हायची. नेतृत्वाचा आवाका वाढला आणि जबाबदारी विरळ झाली, हे आजचे वास्तव आहे. हा विषय आत्ताच हाती घ्यावा लागण्याचे हे एक मोठे कारण.

आशेच्या जागाही आहेत. २००७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने कुराणाच्या आधारे हक्क मागितले, स्त्रियांना काझीचे शिक्षण दिले आणि नूरजहाँ सफिया नियाझ व झकिया सोमन यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यात स्त्रियांना पुन्हा प्रवेश मिळवून दिला. तमिळनाडूत पुदुकोट्टईच्या शरीफा खानम यांनी, पुरुषांची जमात स्त्रियांचे ऐकत नाही म्हणून स्त्रियांची जमात उभी केली. दलवाईंनी धर्मचौकटीबाहेरून प्रश्न विचारला, या स्त्रिया चौकटीत उभ्या राहून विचारतात. दोन्ही मार्गांचे एकमेकांशी वाद आहेत आणि त्या वादांना या संग्रहात पूर्ण जागा आहे. दोघांना जोडणारा धागा माझ्या मते एकच: जो मार्गदर्शन घेतो, जो चंदा देतो आणि जो निर्णयाचे परिणाम सोसतो, त्याला जाब विचारण्याचा हक्क आहे, आणि त्या हक्कासाठी त्याने आधी आपली निष्ठा सिद्ध करण्याची गरज नाही.

या संग्रहाचा प्रयत्न त्या हक्काला घडण देण्याचा आहे. इथे मदरशात शिकलेले लेखक आहेत, वकील आहेत, जमातीच्या कारभारात वर्षे घालवलेले लोक आहेत, आणि धर्मापासून दूर गेलेलेही आहेत. त्यांच्यात एकमत घडवण्याचा खटाटोप संपादकांनी केलेला नाही. त्यांनी सर्वांसमोर तीनच प्रश्न ठेवले: ज्ञानाचा जाब कोणाला, पैशाचा कोणाला, वर्तनाचा कोणाला? मुसलमानांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते. ते बहुधा आरोप तरी असते नाहीतर बचाव. आरोप आणि बचाव यांच्यामध्ये जी घरातली, कळकळीची, तपशिलाची चर्चा व्हायला हवी, ती मराठी बोलणाऱ्या मुसलमानांनी मराठीतच करावी, आणि इतर मराठी वाचकांनी ती शेजाऱ्याच्या घरातले भांडण म्हणून नव्हे तर आपल्या समाजाचा प्रश्न म्हणून ऐकावी. देवस्थानांच्या विश्वस्तांपासून जातपंचायतींपर्यंत हाच प्रश्न आपल्या सर्वांच्या दारात उभा आहे.

वाचकाने पुस्तक मिटल्यावर काय करावे, याबाबत मला काही थेट सांगायचे आहे. आपल्या मशिदीचा वार्षिक हिशेब सूचनाफलकावर लागतो का, ते पाहावे; लागत नसेल तर मागावा. घरातल्या प्रश्नावर फतवा घ्यायचा तर लेखी, कारणांसह आणि मुफ्तीच्या नावासह घ्यावा, आणि दुसऱ्या विद्वानाचे मत घेणे हा आपला हक्क समजावा. जमातीच्या समितीत स्त्रिया असाव्यात यासाठी बोलावे. मदरशातल्या मुलाने तक्रार केली, तर संस्थेची अब्रू सांभाळण्याआधी त्या मुलाला सांभाळावे आणि पोलिसांकडे जावे. मुलांच्या संरक्षणाचा कायदा मदरशाच्या भिंतीआतही तितकाच लागू आहे. आणि जो हे सारे विचारतो त्याला एकटे पडू देऊ नये. उलेमांचा मान याने कमी होत नाही. हिशेब देणाऱ्या आलिमाच्या शब्दाला जे वजन असते ते धाक दाखवणाऱ्याच्या शब्दाला कधीच येत नाही, आणि बाहेरून घाव येतात तेव्हा समाजाला त्याच वजनाची गरज असते.